रजिस्टरमधला रविवार

“सूचक म्हणून ताईंचंच नाव घाला, अण्णा. त्यांना काय, त्या जाणार हायत.”

मी आतल्या खोलीत होते. ओसरीवर दूध संस्थेचे सचिव सतरंजीवर मांडी घालून बसले होते, पुढ्यात लाल कापडी पाठीचं जाड रजिस्टर, आणि त्यांच्यासमोर खुर्चीत पप्पा. पप्पा गावातल्या सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. ‘ताई’ म्हणजे मी.

सोमवार होता. आदल्या दिवशी मी औरंगाबादला एमबीएची प्रवेश परीक्षा दिली होती आणि मावशीकडे मुक्काम करून सकाळच्या एसटीने परतले होते. पेपरातले प्रश्न विसरायच्या आत वहीत उतरवून काढत होते. त्यात हे वाक्य कानावर आलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी पास होणार, मी जाणार, असं इतक्या खात्रीने आमच्या घरात तोवर कुणीच म्हटलं नव्हतं.

पप्पांची खुर्ची करकरली एवढंच.

थोड्या वेळाने सचिव माझ्या दाराशी आले. रजिस्टर उंबऱ्यावर ठेवून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “ताई, हितं एक.” मी इंग्रजीत सही केली. वर पानभर मजकूर होता, तो वाचला नाही. पाचव्या वर्षापासून मी बीडला इंग्रजी शाळेत, वसतिगृहात राहून शिकले. छापील मराठी मी वाचते, पण सचिवांचं अक्षर एका लांब शिरोरेघेला टांगलेलं असायचं, शब्द कुठे संपतो ते कळायचं नाही. एक पान वाचायला मला दहा मिनिटं लागली असती, आणि माझं डोकं तेव्हा औरंगाबादच्या पेपरात होतं.

मी त्या संस्थेची संचालक होते. महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्यातली एक, मी पदवी घेऊन घरी आले त्याच महिन्यात, बिनविरोध माझ्याकडे आली. संचालकाने संस्थेला दूध घालावं लागतं, म्हणून माझ्या नावावर एक म्हैस दाखवली होती. ती म्हैस मी कधी पाहिली नाही. सभा मात्र महिन्याला होत. होत म्हणजे, सचिव घरी बसून लिहीत आणि मग मोटारसायकलला पिशवी अडकवून रजिस्टर घरोघर फिरवत. कुणी गोठ्यात सही करी, कुणी पारावर. अकरा संचालक एका वेळी एका ठिकाणी बसलेले मी कधी पाहिले नाहीत. गावात याला कुणी खोटं म्हणत नसे. सभा म्हणजे सह्या.

जानेवारीत निकाल लागला. इंग्रजीत मला उत्तम गुण होते. तर्कशक्तीच्या भागाने बुडवलं. त्यात हमखास एक प्रश्न असतो: आठजण गोल टेबलाभोवती बसले आहेत, अमुक तमुकच्या समोर आहे, अमका ढमक्याच्या शेजारी नाही, तर कोण कुठे बसलं आहे ते सांगा. मला ते टेबलच डोळ्यांपुढे येत नसे.

“पुन्हा दे,” पप्पा म्हणाले. “घरीच तर आहेस.”

म्हणजे जी जाणार होती ती गेली नाही. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

तो लागोपाठ दुसरा कोरडा हंगाम. विहिरीत उतरायच्या पायऱ्या शेवटपर्यंत दिसत. दूध संस्थेत सकाळी कॅनची रांग लागायची तिथे तीन-चार कॅन येत, तेही अर्धे. संस्थेने गावाबाहेर माळावर जनावरांची छावणी उघडली होती. माजलगावकडून, धरणाच्या पाण्यावरच्या पट्ट्यातून, ट्रक भरून ऊस यायचा आणि तो जनावरांपुढे टाकला जायचा. गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीलाच कोयते बांधून ऊस तोडायला गेलेली. मागे म्हातारी माणसं आणि शेळ्या.

मी सकाळी आठला अभ्यासाला बसत असे आणि मोबाईलवर वेळ लावून सराव परीक्षा सोडवत असे. खिडकीतून रस्त्याचं वळण दिसे. तिथे टँकर थांबायचा. जानेवारी संपता संपता माझ्या लक्षात आलं, मी घागर घेऊन गेले की बायकांचं बोलणं थांबतं. कुणी काही म्हणत नसे. जागा करून देत. फार लवकर जागा करून देत. मला कमी बोलायची सवय, म्हणून मला वाटलं माझ्यामुळेच असेल. इंग्रजी शाळेतली, हिच्याशी काय बोलायचं.

मग शेजारच्या काकूंनी चटणी, लोणचं काहीच पाठवणं बंद केलं. मग आईच्या हळदी-कुंकवाला सातच बायका आल्या. आईने वाणाच्या उरलेल्या वाट्या माळ्यावर टाकल्या आणि म्हणाली, “पाणी नाही, लोकांना कशाचा उत्साह असणार.”

एकदा सरावाचे पेपर छापून आणायला मी केजला चालले होते. जीपमध्ये मागच्या बाकावर दोघीजणी होत्या. एकीने दुसरीला विचारलं, “हीच का गं?”

“हीच.”

“दिसती तर गरीब.”

जीप खड्ड्यातून गेली. दोघी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी मांडीवरची फाईल घट्ट धरून बसले. मागे वळून ‘काय ते’ विचारायला एक वाक्य पुरलं असतं. केज येईपर्यंत ते वाक्य मी मनात जुळवत राहिले.

एप्रिलमध्ये ती आली. भर दुपारी, फाटकाची कडी वाजवून. पलीकडच्या आळीतली म्हातारी, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. आई झोपली होती, पप्पा छावणीवर. मी दार उघडलं.

“चेअरमनची लेक तूच ना माय?”

मी मान हलवली.

“मला काय भांडायचं न्हाई. गाय गेली ती गेली. फकस्त एक इचारायचं होतं.” तिने ओसरीच्या कडेला टेकून श्वास घेतला. “तू कावून तसं म्हणलीस?”

“काय म्हणाले?”

“आता काय म्हणालीस ते मी सांगू व्हय तुला? ज्याच्या घरचं कर्तं माणूस तोडीला गेलंय त्याचं जनावर छावणीत ठेवू नका म्हणून. बोर्डावर लागलतं. तुझं नाव हुतं खाली. नातवाला वाचाया लावलं मी, दोनदा.”

मी उंबऱ्याबाहेर आले.

“गाभण गाय हुती माय. दावं सोडून हातात दिलं त्यांनी. मी म्हणलं, आरं मी हाय की हितं, मी काय मेली का? तर म्हणले, कर्तं माणूस पायजे. ठराव झालाय.” ती जरा हसल्यासारखं करून म्हणाली, “पंधरा दिस घरी जगिवली. मग बाजार दावला. सून फोनवर म्हणती, म्हातारीला सांभाळता आली न्हाई. मी म्हणलं, एवढी शिकल्याली पोरगी, तिनं काय तरी बघूनच म्हणलं आसंल. तर मला फकस्त कारन सांग. मी जाती.”

ती थांबली. खरोखर थांबली, कारणासाठी. मी तिला पाणी विचारलं. ती म्हणाली, पाणी नको. मी तरी पाणी आणायला आत गेले आणि माठाजवळ उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ती फाटकाबाहेर पडली होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या खोलीवर गेले. आंबट दुधाचा वास, कोपऱ्यात दुधाची फॅट मोजायचं बंद पडलेलं यंत्र. सचिव उठून उभे राहिले. “ताई? तुमी कशाला आलात? घरी आणलं आसतं की.”

“मला रजिस्टर बघायचं आहे.”

त्यांनी दिलं. मी उभ्याने वाचलं, बोट ठेवून, लहान मुलासारखं. दहा नव्हे, वीस मिनिटं लागली. म्हातारी म्हणाली तेच होतं, फक्त लांबलचक भाषेत. खाली ‘सूचक’, पुढे माझं नाव. ठराव मांडणाऱ्याला सूचक म्हणतात, पाठिंबा देणाऱ्याला अनुमोदक. अनुमोदक होत्या दुसऱ्या राखीव जागेवरच्या बाई. त्या दिवाळीपासून पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. गावात राहणाऱ्या एकाही पुरुषाचं नाव त्या ठरावाला नव्हतं. आणि सभेची तारीख होती रविवारची. सकाळी दहा.

माझ्या परीक्षेचा रविवार. सकाळी दहाला औरंगाबादच्या कॉलेजात एक मुलगी माझ्या अंगठ्याचा ठसा घेत होती.

पप्पांना मी जेवताना विचारलं. खूप दिवसांत मी त्यांना स्वतःहून काही विचारलं नव्हतं.

“ऊस कमी यायला लागला होता,” ते म्हणाले. “निम्मी जनावरं काढावीच लागणार होती. कुणाची काढायची, सांग. जे इथं नाहीत त्यांची काढली. इथं असणाऱ्यांची काढली असती तर माणसं एकमेकांवर काठ्या घेऊन गेली असती.”

“पण माझं नाव?”

“ज्याचं नाव घालावं त्याला उद्या याच गावात राहायचंय. बांधाला बांध हाय. तू जाणार होतीस.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. “मला काय माहीत तू राहशील म्हणून.”

ते चिडून बोलले नाहीत. हेच मला जास्त लागलं. आई ताटाकडे बघत होती.

त्या वर्षी पाऊस पुन्हा चुकला. मृगात धूळ उडाली, पोळ्याला बैल धुवायला टँकरचं पाणी वापरू नका अशी दवंडी झाली. मी अभ्यास करत राहिले, कारण दुसरं काही येत नव्हतं. गोल टेबलाचे प्रश्न मला आता सुटायला लागले. युक्ती साधी होती: आधी हे लिहायचं की कोण कुठे *नाही*. मी रोज वीस सोडवत असे. कधीकधी टेबलाभोवती आमचे अकरा संचालक येऊन बसत, आणि अकराच्या अकरा खुर्च्या रिकाम्या दिसत.

म्हातारीचा मुलगा तोडीवरून परत आल्यावर त्याने तालुक्याला लेखी अर्ज दिला. त्याला उत्तर यायला दिवाळी उलटली. चौकशी लागली. तारीख आली ती माझ्या दुसऱ्या परीक्षेनंतर तीनच दिवसांनी.

सचिव घरी आले. यावेळी सतरंजीवर न बसता उभेच राहिले. “ताई, काय न्हाई, दोन वाक्यं हायत. ‘मी सभेला हजर होते. ठराव मी मांडला.’ बास. सायेब लिहून घेत्यात, आपण सही करायची.”

“आणि मी हजर नव्हते म्हटलं तर?”

सचिवांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पा म्हणाले, “सांगा तिला.”

“तर ती सभाच झाली न्हाई म्हणतील. मग बाकीच्या सभा उकरतील. मंडळ बरखास्त. अण्णा घरी.” त्यांनी आवाज खाली आणला. “आन् यंदाबी छावणी लागणार हाय, ताई. तीनशे जनावर हाय गावात. मंडळच न्हाई तर छावणी कुणाच्या नावावर मागायची? एका गायीपायी तीनशे मारायची का?”

हे खोटं नव्हतं. मी ते रात्रंदिवस उलटंसुलटं करून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते तितकंच खरं निघालं.

परीक्षेला पप्पांनी स्वतः मांजरसुंब्यापर्यंत सोडलं. धाब्यावर चहा घेतला. एसटी येताना दिसली तेव्हा ते म्हणाले, “नीट दे. पास झालीस की या कटकटीतून सुटशील. बुधवारी पंधरा मिनिटांचं काम आहे, मग तुला कुणी काही विचारणार नाही.” त्यांनी माझी पिशवी बसमध्ये चढवली आणि खिडकीच्या काचेवर दोनदा टकटक केलं. शाळेत असताना वसतिगृहात सोडून निघताना ते असंच करत.

परीक्षा केंद्रावर रांगेत फोटो काढला, अंगठा घेतला. मग एका कागदावर छापलेलं वाक्य आपल्या हाताने खाली पुन्हा लिहायला सांगितलं: जिचं नाव प्रवेशपत्रावर आहे ती मीच आहे आणि आज मी इथे स्वतः हजर आहे. माझ्या पुढचा मुलगा भराभर लिहून गेला. मी लिहिलं, सही केली. पर्यवेक्षिकेने सही प्रवेशपत्राशी ताडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा सही पाहिली. “जुळते,” ती म्हणाली.

पेपर चांगला गेला. गोल टेबलाचा प्रश्न आला होता. सहा मिनिटांत सुटला.

घरी परतल्यावर नवीन प्रवेशपत्र ठेवायला मी कपाटातली फाईल उघडली. गेल्या वर्षीचं प्रवेशपत्र त्यात होतं. तारीख, वेळ, केंद्राचा शिक्का, पर्यवेक्षकाची सही, सगळं त्यावर होतं. उन्हाळ्यात रजिस्टर वाचून आल्यावर मी ते दहा वेळा तरी काढून पाहिलं असेल. दहावीच्या गुणपत्रिकेमागच्या खणात असायचं. आता खण रिकामा होता. मी फाईल पलंगावर उपडी केली. गुणपत्रिका होत्या, शाळेचा दाखला होता. ते नव्हतं.

मी कुणाला विचारलं नाही. घरात आम्ही तिघंच होतो.

त्या दोन दिवसांत घरात सगळे माझ्याशी फार चांगले वागले. आईने माझ्या आवडीचं धपाटं केलं. पप्पांनी विचारलं, पुण्यात राहायला कुठलं वसतिगृह बरं. आईने माझ्यासाठी नवीन बॅग काढून ठेवली, माझ्या खोलीत, दाराच्या बाजूला, मला बाहेर पडताना दिसेल अशी.

बुधवारी संस्थेच्या खोलीत टेबल पुसून ठेवलं होतं. चौकशी अधिकारी मध्यम वयाचे, जाड चष्म्याचे. त्यांना घाई होती, पुढे दुसऱ्या गावाला जायचं होतं. त्यांच्यापुढे लाल पाठीचं रजिस्टर. एका बाजूला पप्पा, सचिव आणि आणखी चार-पाच संचालक. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एका टेबलाभोवती बघत होते. समोर बाकावर तारखेसाठी तोडीवरून आलेला म्हातारीचा मुलगा, आणि त्याच्या शेजारी, पाय वर घेऊन, ती.

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती फॅटच्या यंत्राकडे बघत बसली होती.

दारात गावातली माणसं उभी होती. कुणीतरी म्हणालं, “आली बघा मॅडम.” कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी त्याला “गप बे” म्हणालं.

“या सभेला आपण हजर होता?” अधिकाऱ्यांनी वर न बघता विचारलं. पेन कागदावर टेकलेलं होतं. मला वाटतं त्यांनी ‘हो’ लिहायला सुरुवातही केली होती.

सचिव सावकाश मान हलवत होते, मुलाला पाढे म्हणायला लावतात तशी. पप्पा माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी टेबलावर दोन बोटं ठेवली होती आणि ती हळूच आपटली, दोनदा. बाहेर टँकर आला होता; घागरी आपटल्याचे आवाज येत होते, आणि आज त्यात बायकांची कुजबुज नव्हती. पोरांना रांगेत लावून सगळ्या दाराशी येऊन उभ्या होत्या.

माझ्याकडे कागद नव्हता. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. होतं ते फक्त बोलणं, जे मला कधी जमलं नव्हतं. पप्पांच्या हातांकडे बघत बोलता येणार नाही हे मला कळत होतं. अधिकाऱ्यांकडे बघूनही नाही. विचारलं तर तिने होतं, एप्रिलमध्ये, आणि ती उत्तरासाठी थांबली होती.

मी बाकाकडे वळले.

“आजी,” मी म्हणाले, आणि आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “मी तसं म्हणाले नव्हते. मी त्या दिवशी गावातच नव्हते, औरंगाबादला परीक्षेला बसले होते. पण सही माझीच आहे. मी न वाचता केली.”